बारा पानांखालचा केस

आमच्या हिला एका जागी बसलेलं मी चौतीस वर्षांच्या संसारात फार तर चार वेळा पाहिलं असेल, आणि त्यातल्या दोन वेळा आम्ही बसमध्ये होतो. जेवताना उभी, फोनवर उभी, टीव्हीवरच्या बातम्यासुद्धा दारात उभं राहून ऐकणार. फार वेळ बसणं पाठीला वाईट असतं असं ती पेशंटांना सांगते, ते ठीकच आहे. पण पायाला भिंगरी आधीची, शास्त्र नंतरचं, हे मला लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.

ही मणक्यांची डॉक्टर. नीट नाव कायरोप्रॅक्टर. हा शब्द बाहेर पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलाय आणि तेवीस वर्षांत तो एका दमात म्हणणारा माणूस मला भेटलेला नाही. कोणी कायरो म्हणतं, कोणी हाडवाल्या बाई, एकाने तर मला विचारलं होतं की कॅमेरे इथेच दुरुस्त होतात ना. शेवटी सगळे नुसतं ‘बाई’वर येऊन थांबतात. काम असं, की गोळी नाही, सुई नाही. हातांनी पाठ चाचपायची, कुठला मणका आखडलाय ते बोटांनी शोधायचं आणि नेमक्या तिथे एक छोटासा झटका द्यायचा. कट्‌ असा आवाज येतो. लोकांना त्या आवाजाचं भारी कौतुक. आवाज नाही आला तर तोंड पाडून बाहेर येतात. ही त्यांना सांगून थकली की आवाजात काही नसतं, तो सांध्यातल्या हवेचा बुडबुडा असतो, पण ऐकतंय कोण.

आणि मी कोण, तर तिचा नवरा आणि तिचा काउंटर. आधी एका ऑफिसात पुलांचे नकाशे काढायचो. मशीनवर नकाशे निघायला लागले तसा मी घरी आलो, आणि हिने चार दिवसही न जाऊ देता मला क्लिनिकच्या बाहेरच्या खोलीत खुर्ची दिली. ती खुर्ची म्हणजे शिक्षा आहे. सरळ पाठीची, लाकडी, हात नसलेली. तशाच सहा खुर्च्या पेशंटांसाठी. पाठ दुखतेय म्हणून आलेल्या माणसाला असल्या खुर्चीवर बसवणं मला तरी माणुसकीचं वाटत नाही, पण ही म्हणते, बसायला आवडलं तर लोक उठणार नाहीत.

कामात मात्र बाई कडक. पहिल्या दिवशी कोणाच्या पाठीला झटका देणार नाही, माणूस कितीही कळवळू दे. तासभर नुसते प्रश्न. कसं झोपता, उशी केवढी, पाय बधिर होतात का, ताप येतो का, पडला होतात का. काही वेगळं वाटलं की सरळ चिठ्ठी लिहून मोठ्या दवाखान्यात पाठवणार. एक गृहस्थ आले होते, म्हणे मणके सरळ केले की साखर उतरते असं ऐकलंय. ही म्हणाली, ‘पाठ माझ्याकडे आणा, साखर तुमच्या डॉक्टरांकडे न्या, आणि दोन्हीसाठी रोज चालायला जा.’ गृहस्थ नाराज झाले. त्यांना चालायचं सोडून बाकी सगळं चाललं असतं.

दुसरा नियम, ती आत काम करत असताना दार उघडायचं नाही. आग लागली तरी आधी मी विझवायची, मग तिला सांगायचं, असं तिचंच वाक्य आहे.

आणि तिसरा नियम आमच्या दोघांतला. तोच या सगळ्याच्या मुळाशी आहे, म्हणून नीट सांगतो.

रोज सकाळी साडेसातला चहा झाला, की मी हिच्या फणीतून एक केस काढायचो. माझ्या डोक्यावर त्या कामाचं काही उरलेलं नाही. जुनी टेलिफोन डिरेक्टरी उघडायची, पानावर तो केस ठेवायचा आणि वर पानं पाडायची. ही डोळे मिटून अंगठा आणि पहिलं बोट वरच्या पानावरून फिरवणार आणि खाली केस जिथे असेल तिथे थांबणार. शिकत असताना त्यांच्या सरांनी वर्गाला ही सवय लावली होती. परीक्षा झाली तशी बाकीच्यांनी सोडून दिली, हिने नाही सोडली. कपड्यातून, कातडीतून, स्नायूतून मणक्याचं टोक कळायचं असेल तर कागदातून केस कळलाच पाहिजे, हा तिचा हिशोब. बारा पानांखालचा सापडला, की हात धुऊन क्लिनिकला निघायची. सापडला नाही, तर त्या दिवशी कोणाच्याही मानेला हात लावायचा नाही. कमरा आणि पाठी तेवढ्या. मान म्हणजे नाजूक काम, तिथे बोटभराची चूकसुद्धा चालत नाही. तेवीस वर्षांत असे दिवस दोनतीनच आले, एकदा बोट भाजलं होतं तेव्हा आणि एकदा तापात.

तपासायचं काम माझं. तिचं बोट थांबलं की ‘इथे’ म्हणायची. मी पेन्सिलीने ठिपका करायचो, पानं उचलायचो, केस ठिपक्याखाली असला तर ‘बरोबर’, नसला तर ‘चुकलं’. तिने स्वतः पान उलटून एकदाही बघितलं नाही. मी सांगितलं, की ती नळापाशी. आणि खरं सांगू, ‘चुकलं’ म्हणायची वेळ क्वचितच यायची, पण ते म्हणायला मला मनापासून आवडायचं. ऑफिसात मी पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या नकाशातल्या चुका काढत बसलो होतो. अर्धा मिलिमीटर इकडचा तिकडे झाला तरी कागद परत. पोरं मला मागून ‘फुटपट्टी’ म्हणायची. ते मला माहीत होतं आणि त्याचं मला काही वाईट वाटत नव्हतं.

तर या वर्षी उन्हाळा सुरू होताना हिच्या हातून एक कप पडला. मग दोन दिवसांनी दुसरा. बटण लावायला वेळ लागायला लागला. मी विचारलं तर म्हणाली, ‘उजवा अंगठा जरा बधिर वाटतोय, झोपेत हात अंगाखाली आला असेल.’ हे पेशंटने सांगितलं असतं तर तिने त्याला तासभर प्रश्न विचारून हैराण केलं असतं. स्वतःच्या बाबतीत एका वाक्यात मोकळी. मी म्हटलं, कोणाला तरी मान दाखव, नस दबली असेल. तेवीस वर्षं काउंटरवर बसून मलाही थोडं कळतं. तिने ओट्यावरचं फडकं धुतलं, पिळलं, परत धुतलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘सकाळी केस सापडतोय ना, मग चाललंय.’ जरा वेळाने म्हणाली, ‘काम सुटलं तर मी काय करू हो?’

असं तिने मला कधी काही विचारलं नव्हतं. मला काय करायचं ते ती सांगते, तिला काय करायचं ते ती ठरवते, अशीच आमच्या घराची पद्धत. मला घोट्याचं प्लास्टर आठवलं. पाच वर्षांपूर्वी सहा आठवडे ही घरात अडकली होती. कुबड्या घेऊन घरातली सगळी कपाटं उपसली, परत लावली, परत उपसली. शेवटच्या आठवड्यात कपाटं उघडणंही बंद केलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागली. मला ती उपसाउपशी परवडली असती. ते पडून राहणं बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं बोट थांबलं ते केसापासून चांगलं दोन बोटं लांब. मी ठिपका केला. पानं उचलली. केस तिथे डावीकडे, पांढरा, छापील आकड्यांवर आडवा पडलेला. माझ्या तोंडात ‘चुकलं’ आलंही होतं. ती डोळे मिटून उभी होती आणि तिच्या कपाळावर घाम होता.

‘बरोबर,’ मी म्हणालो.

एका शब्दाचं तर काम. आज दमली असेल, उद्या सापडेल, असं मी मनाशी म्हटलं आणि पान मिटून टाकलं. तिने श्वास सोडला, हात धुतले आणि जाताना माझ्या खांद्यावर एक चापट मारली. ती खूश होती. मीही जरा खूश होतो, हे लपवत नाही.

उद्या सापडला नाही. परवाही नाही. मग मी पानं कमी करायला लागलो. ती विचारायची, ‘बारा ना?’ मी म्हणायचो, ‘बारा’, आणि असायची सहा. मग तीन. मग एक. एका पानाखालचा केस तर आंधळ्यालासुद्धा कळावा, कागदावर तो नुसता वर आलेला दिसतो. तिचं बोट त्याच्यावरून सरळ पुढे जायचं. मी बघत राहायचो. एकदा खोटं बोललो होतो तेव्हा सुटायची वाट होती. दहाव्यांदा बोलल्यावर आता काय सांगायचं, हाच मोठा प्रश्न होऊन बसला. शेवटी शेवटी मी केस ठेवणंच बंद केलं. ठेवून उपयोग काय होता? नुसतं पान पुढे सरकवायचो, ती ‘इथे’ म्हणायची, मी केस नसलेल्या पानावर ठिपका काढून ‘बरोबर’ म्हणायचो.

माझी झोप उडाली ती उडालीच, पण दिवसासुद्धा मला स्वस्थता नव्हती. काउंटरवर बसलो की पाय हलायचा. दाराआडून कट्‌ असा आवाज आला की मी दचकायचो. पेशंट बाहेर आला की त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहायचो, नीट चालतोय का, मान वळवतोय का. लोकांना वाटायचं काकांना आपली फार काळजी. एकाने माझे आभारही मानले.

सगळ्यात आधी कळलं ते शिलाई मास्तरांना. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान. चाळीस वर्षं मशीनवर वाकून त्यांची पाठ पुढे गोल झालीय आणि अकरा वर्षं दर पंधरवड्याला ते हिच्याकडे येतात. माणूस मऊ बोलतो, पण नजर कापडातल्या एका सुट्या धाग्यावरही जाणारी. बाहेर येऊन बूट घालता घालता मला म्हणाले, ‘बाईंचा आज डावा हात जास्त चालत होता.’

‘मग?’ मी म्हणालो.

‘मग काही नाही. मला आपलं वाटलं. उजवा हात ठेवला होता, पण तो काही बघत नव्हता.’

‘मास्तर, तुम्ही काजं-बटणं बघा ना,’ मी म्हणालो. इतक्या वाईट आवाजात म्हणालो की बाकीचे लोक माझ्याकडे बघायला लागले. मास्तर नाडी बांधून उठले आणि गेले. त्यांचा काय दोष होता? कोणीतरी ते बोललं याचाच मला राग आला होता.

त्यानंतरच्या आठवड्यात शाळेची बस चालवणारी बाई आली. दणकट, हसरी, कमरेचा जुना त्रास. हिने नेहमीसारखं काम केलं, आवाज आला, बाई हसत घरी गेली. दुसऱ्या दिवशी तिला उठता येईना. हिने रिक्षा करून तिच्या घरी धाव घेतली. मीही मागोमाग. तपासलं, विचारलं, दवाखान्यात नेऊन फोटो काढून घेतला. सुदैवाने काही मोडलं-बिडलं नव्हतं, स्नायू दुखावला होता, तीन दिवस पडून राहावं लागलं. ही तिच्या पलंगाशेजारी उभी राहून म्हणाली, ‘माझी चूक झाली. एक मणका वर लागला माझा हात. माफ करा.’ त्या बाईनेच हिला धीर दिला. म्हणाली, ‘अहो, मीसुद्धा एकदा स्टॉप सोडून पुढे गेलेय.’

घरी येताना ही रस्त्याने इतकी भरभर चालत होती की मला धाप लागली. मध्येच थांबली. ‘तेवीस वर्षांत असं झालं नव्हतं,’ म्हणाली. ‘बोटं तर ठीक आहेत. रोज बघतोय आपण.’ मग माझ्याकडे वळून म्हणाली, ‘तुम्ही नीट बघता ना हो पान?’

देवाने समोर ताट वाढून ठेवावं तशी ती संधी होती. फुटपाथवर आम्ही दोघंच, दुपारची वेळ, तिने स्वतः विचारलेलं. सांगितलं असतं तर तिथेच संपलं असतं.

‘फुटपट्टी म्हणतात मला,’ मी म्हणालो. ‘विसरलीस का?’

ती हसली. हसली आणि पुढे चालायला लागली. मी स्वतःला इतक्या शिव्या घातल्या, पण मनातल्या मनात. त्या काय कामाच्या.

त्यानंतरच्या गुरुवारी सकाळी मी पेशंटांच्या वेळांची वही उघडली तर दहाच्या ओळीत तिच्या अक्षरात लिहिलेलं, ‘शिलाई मास्तर’, आणि पुढे ‘मान’. मास्तरांची मान महिनाभर आखडली होती, डावीकडे वळेना. हिने दोन वेळा नुसता शेक आणि व्यायाम दिला होता, आणि आता तिच्या मते मानेला हात घालायची वेळ झाली होती. सकाळी मी केस नसलेलं पान पुढे केलं होतं आणि ‘बरोबर’ म्हणालो होतो. म्हणजे मानेला परवानगी मीच दिली होती.

मास्तर वेळेवर आले. त्या दिवसाचं माझं बोलणं ते विसरले होते की नाही कोण जाणे, नमस्कार करून आत गेले. दार लागलं. मी उठलो, खिडकीपाशी गेलो, परत आलो. पाणी प्यायलो. वही सरळ केली. आत हिचा आवाज येत होता, उताणे झोपा, हात सैल सोडा, दात आवळू नका. परत उठलो. पुढचा नंबर फुलांच्या दुकानातल्या मुलीचा होता. ती म्हणाली, ‘काका, बसा ना, बघून मलाच चक्कर येतेय.’ मी बसलो. आतलं बोलणं थांबलं. बोलणं थांबतं तेव्हा ती बोटांनी शोधत असते, हे मला माहीत आहे. आधी अंगठा एकेका मणक्यावरून उतरत जातो, मग ती पेशंटला एक लांब श्वास घ्यायला सांगते, आणि श्वास सोडताना झटका देते.

‘लांब श्वास घ्या, मास्तर,’ आतून आवाज आला.

मी दार कसं उघडलं ते मला आठवत नाही. मास्तर डोळे मिटून उताणे पडले होते. ही त्यांच्या डोक्यामागे उभी, त्यांचं डोकं तिच्या दोन्ही तळव्यांत, थोडं डावीकडे वळवलेलं. तिने वर न बघताच म्हटलं, ‘बाहेर.’

‘थांब.’

‘अहो, बाहेर व्हा.’

‘तुला केस सापडत नाहीये,’ मी म्हणालो. ‘महिना झाला. मी खोटं बोलतोय.’

तिचे हात हलले नाहीत. असं डोकं हातात असताना दचकून सोडून देता येत नाही, आणि ती दचकलीही नाही. तिने मास्तरांचं डोकं हळूहळू सरळ केलं, उशीवर टेकवलं, आधी एक तळवा काढून घेतला, मग दुसरा. मास्तरांनी डोळे उघडले. छताकडे बघत म्हणाले, ‘बाई, मी उठू की पडून राहू?’

‘उठा. आधी कुशीवर वळा, मग हाताचा आधार घेऊन उठा. एकदम नको,’ तिने सांगितलं. आवाज नेहमीचाच. मग माझ्याकडे वळली. ‘किती पानं?’

‘एक.’

‘एकाखालीसुद्धा नाही?’

‘आता मी केस ठेवतच नाही,’ मी म्हणालो.

ती कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली. मास्तर कुशीवर वळले, हाताचा आधार घेऊन उठले, बूट हातात घेऊन बाहेर गेले आणि जाताना त्यांनी दार लावून घेतलं. मी बरंच काही बोललो असेन. ‘तू म्हणालीस काम सुटलं तर काय करू’, ‘मला वाटलं एकदोन दिवस’, असलं काहीतरी. तिने ऐकलं की नाही माहीत नाही. ती उजव्या हाताचा अंगठा डाव्या हाताने दाबत होती. जरा वेळाने उठली, बाहेर गेली आणि बसलेल्या तिघांना म्हणाली, ‘माझ्या उजव्या हाताला नीट कळत नाहीये. आजपासून काम बंद. या महिन्यात मी तुमच्यापैकी ज्यांना हात लावलाय, त्यांना काही वेगळं वाटत असेल तर आत्ताच सांगा.’

ते तिघं झाले, पण महिन्याभरात माना झाल्या होत्या एकोणीस. तिने वही घेतली आणि एकेकाला फोन केला. मी म्हटलं, निम्मे मी करतो. तिने वही माझ्यापासून बाजूला ओढली. दोन दिवस तेच चाललं होतं. चक्कर येते का, हाताला मुंग्या येतात का, डोकं दुखतं का, बोलताना जीभ जड होते का. प्रत्येकाला स्वतः सांगितलं की माझ्या बोटांना कळत नव्हतं आणि तरी मी तुमची मान धरली. काहींनी हसण्यावारी नेलं, दोघं रागावले, एकीने फोनच ठेवून दिला. कोणाला काही झालं नव्हतं. एकोणिसावा फोन झाल्यावर ती मोरीत जाऊन ओकली.

माझ्याशी मात्र शब्द नाही. ताट वाढायची, पण समोर थांबायची नाही. तिसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. मी म्हणालो, ‘अगं, मी काय माझ्यासाठी केलं का? तुझ्या बोटांवर तुझा इतका भरवसा होता, तो मोडायला मला जीवावर आलं.’

ती ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. तशीच म्हणाली, ‘बोटांवर माझा भरवसा कधीच नव्हता. असता तर रोज सकाळी तपासली असती कशाला? भरवसा तुमच्यावर होता.’

मी तिथली भांडी पुसत राहिलो, कोरडी होती तरी.

मग ती नसांच्या डॉक्टरकडे गेली. मी सोबत जाऊ का विचारलं तर ‘या’ म्हणाली. एवढं झालं. घरात बोलणंही हळूहळू सुरू झालं, भाजी काय, गॅस कधी लावलाय, असलं. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात यायला लागली. मी म्हटलं, ‘दार लावलंय’, की ती जाऊन कडी बघून यायची. ‘दूध तापवलंय’ म्हटलं की भांड्याला डाव्या हाताची पाठ लावून बघायची. ‘बाहेर ढग आलेत’ म्हटलं तर खिडकीपाशी. माझ्यावर डाफरायची नाही, टोमणा नाही, काही नाही. नुसती जाऊन बघून यायची आणि परत आपल्या कामाला लागायची. ती शिव्या देती तर मला बरं वाटलं असतं.

परवा रिपोर्ट आला. दवाखान्याच्या लांब गॅलरीत ती येरझाऱ्या घालत होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मी खिडकीवरून पाकीट घेऊन आलो. उघडलं. मानेतली नस बरेच महिने दबलेली होती. अंगठ्यातलं कळणं थोडं परत येईल, कदाचित येणारही नाही. निदान सहा महिने हाताने कुठलंही काम नाही, त्यानंतर परत तपासणी. चांगलं असं एकही वाक्य त्यात नव्हतं. ती चालता चालता माझ्यापाशी येऊन थांबली. मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. ‘कदाचित येणारही नाही’ हेसुद्धा. एक शब्द गाळला नाही.

वाचून झाल्यावर तिने हात पुढे केला. मी कागद दिला. तिने तो उजेडात धरला आणि वरून, स्वतःच्या नावापासून, एकेक ओळ बोट ठेवून वाचला. पाठपोट बघितला. मग घडी करून पर्समध्ये ठेवला.

‘मास्तरांची मान कशी आहे?’ तिने विचारलं.

‘बरी आहे,’ मी म्हणालो. ‘काल भेटले होते दुकानापाशी. डावीकडे वळतेय आता.’ हे अगदी खरं होतं.

‘फोन लावा,’ ती म्हणाली. ‘मी विचारते.’

मी नंबर लावला आणि फोन तिच्या हातात दिला.